क्लॅरीच्या आसुडाचं कातडं

३ सप्टेंबर २००२, मंगळवार

खट्, खट्, खटाक्. तारेच्या कुंपणावर वाळत घातलेली कांगारूंची कातडी पहाटवाऱ्यात एकमेकांवर आपटत, तो हा आवाज. बाबांच्या शिकारी तळावर मी याच आवाजाने जागा होत असे आणि तंबूतल्या खोक्यावर बसून त्याच ठेक्यावर शाळेची कविता पाठ करत असे. कवितेत बर्फ असे, ओली हिरवी कुरणं असत. आमच्याकडे लाल धूळ आणि माश्या. पण ठेका बरोबर बसायचा. आज पहाटे तोच आवाज कानात घेऊन उठलो. बाहेर जाऊन पाहिलं, तर शेडचा एक पत्रा सुटला होता. त्या कवितांना अडुसष्ट वर्षं झाली, माणसाने आणखी काय अपेक्षा करावी?

नवी वही सुरू करतोय, कारण एक काम अंगावर घेतलंय. क्लॅरी डूली मोठ्या गावच्या इस्पितळात आहे. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, पुढे एकोणीस वर्षं एका तळावर. तो कांगारू सोलायचा, मी कातडी ताणून ठोकायचो. नंतर तो गुरांच्या तांड्यांबरोबर गेला, तेव्हा मी त्याला आसूड वळून दिला होता. तो आसूड आज शिकारी डेझली त्याच्याकडून घेऊन आली. उंदरांनी कुरतडलाय. बाहेरची वेणी कुजून गेली आहे. आतला गाभा मात्र शाबूत.

ऑगस्टात मी इस्पितळात गेलो होतो तेव्हा मीच म्हणालो, "तो आसूड पाठव, नवा करून आणतो." काहीतरी बोलायला हवं होतं. त्याचे हात चादरीवर पडले होते. मी सगळा वेळ खिडकीतल्या कुंडीकडे बघत होतो. कुंडीत काय होतं ते आता आठवत नाही.

आसूड झाला की घेऊन जाईन. रिकाम्या हाताने जाण्यात अर्थ नाही.

५ सप्टेंबर

डेझली पर्टल ही आमच्या भागातली परवानाधारक शिकारी. वय पस्तीस, तोंड फाटकं, नेम पक्का. तिच्याकडे एक कातडं मागितलं.

"नाही मिळायचं, प्रोफेसर," ती म्हणाली. कविता म्हणतो म्हणून सगळं गाव मला प्रोफेसर म्हणतं. "मांसाची कंपनी धड कातड्यासकट घेते. प्रत्येकाच्या पायाला नंबरचा टॅग. सोललेलं धड त्यांच्या शीतगाडीत चढवतसुद्धा नाहीत."

"एक कातडं, डेझली. मी काय गाडीभर मागतोय?"

"एक तर एक. माझा परवाना गेला तर तू मला पोसणार का? कविता खाऊ घालून?"

शहरातल्या कातडी कमावणाऱ्या कारखान्याला फोन केला. पन्नासच्या खाली देत नाहीत, आणि तेही रंग फवारलेलं. असल्या कातड्याची वादी ओढली की फटकन तुटते. क्लॅरीच्या आसुडाला असलं लावायचं?

आणि विनोद असा की दुष्काळामुळे सगळे कांगारू रानातून माझ्या दाराशी आलेत. आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्केचाळीस मोजले. सावलीत आडवे पडून काख खाजवत असतात. एक्केचाळीस उत्तम कातडी, एकेक कांगारू आत घालून, माझ्या अंगणात लोळतायत, आणि मला एक मिळत नाही. बंदूक मी डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हाच जमा करून टाकली.

९ सप्टेंबर

हमरस्त्यावर ट्रकने उडवलेली एक मादी दिसली. पिशवी तपासली, रिकामी होती. बरं वाटलं. गाडीत घालून आणली. पण किती वेळ उन्हात पडली होती कोण जाणे. पोटावर नुसता अंगठा घासला तर केसांचा पुंजका हातात आला. केस असे सुटले की वरचा पापुद्रा गेला समजायचा. अर्धा दिवस वाया, शिवाय गाडीला वास. दूर नेऊन टाकली. गरुडांची चंगळ.

१३ सप्टेंबर

डेझली आठवड्यातून दोनदा मोठ्या गावी माल पोचवते, तेव्हा क्लॅरीकडे डोकावते. त्याचा माझ्यासाठी निरोप: "सिरिलला सांग, आसुडाची घाई नाही."

मी ओळखतो त्याला. सत्तर वर्षं ओळखतो. तळावरसुद्धा माझं कातडं ताणून होईपर्यंत हा विडी ओढत बसायचा आणि म्हणायचा, "होऊ दे सावकाश, घाई नाही." म्हणजे घाई कर, असा अर्थ.

"चल की माझ्याबरोबर," डेझली म्हणाली. "गाडीत जागा आहे. संध्याकाळी परत आणून सोडते."

"काय घेऊन येऊ? कुजकी वेणी?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि काही न बोलता गेली. फाटक्या तोंडाच्या बाईचं गप्प बसणं मला आवडत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

कातडं मिळालं!

सकाळीच डेझलीची गाडी दारात. मागे एक जवान लाल नर, गोळी बरोबर डोक्यात, बाकी अंगावर ओरखडा नाही. म्हणाली, टॅग फाटला, आता कंपनी घेणार नाही, फेकायचं त्यापेक्षा तुला. मी टॅग पाहिला. नायलॉनसारखी जाड पट्टी, आणि सुरीने कापावी तशी सरळ फाटलेली. आजकालच्या लोकांना वस्तू नीट हाताळता येत नाहीत. तसं मी तिला सुनावलंही.

"हो रे बाबा, वेंधळीच आहे मी," ती म्हणाली.

खोटं कशाला लिहू, सुरी कुठून घालायची तेच आधी आठवेना. पण पहिली चीर पोटावर सरळ गेली आणि मग बोटांना आपोआप सगळं आठवलं. कांगारूचं कातडं सुरीने काढायचंच नसतं. मूठ आत घालायची आणि ढकलत जायचं. ते ओल्या चादरीसारखं सुटत जातं. पाठीवर कुंपणाच्या तारेचा वण नाही, झुंजीचे नखोरे नाहीत. असं कातडं मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

पाठीचं मांस कांद्याबरोबर परतून दोघांनी खाल्लं. मांड्या तिच्या कुत्र्यांना. शेपटीचे तुकडे करून मोठ्या पातेल्यात चढवले, गाजर आणि जव घालून. चार तास रटरटत होती. घराला पुन्हा घराचा वास आला.

"याच्यातलं थोडं क्लॅरीला नेऊ का?" तिने विचारलं.

नको म्हणालो. कालवण गेलं की तो विचारणार, आसूड कुठाय. एकदाच सगळं घेऊन जाईन.

२ ऑक्टोबर

दहा दिवस राखेच्या पाण्यात ठेवलेलं कातडं आज काढलं. केस सहज निघाले. बोथट सुरीने आतली चरबी खरवडता खरवडता पाठ मोडली. शेडमध्ये कातडं कमवायला लागणाऱ्या वॉटल बाभळीच्या सालीचं अर्धं पोतं होतं, अकरा वर्षांचं. कुटून पाहिली, जिभेला लावली, तोंड आवळलं. अजून दम आहे.

अडचण पाण्याची. पावसाच्या टाकीत गुडघाभर उरलंय, आणि पिण्याचंही तेच. बोअरचं पाणी क्षारांचं. ते सालीत मिसळलं की कातडं बिघडतं. म्हणून मी आंघोळ बोअरच्या पाण्याने करतोय आणि कातडं पावसाच्या पाण्यात डुंबतंय. सध्या या घरात त्याचा मान माझ्यापेक्षा मोठा आहे.

प्लास्टिकचं घमेलं टाकीच्या सावलीत ठेवलंय. सालीचं पाणी आधी फिकं, मग दर तीन दिवसांनी जास्त कडक. घाई केली की वरची बाजू आवळते आणि मध्ये कच्चं राहतं. चार आठवडे तरी हवेत. क्लॅरीला हे माहीत आहे, म्हणून तो मुद्दाम घाई नाही, घाई नाही म्हणतो.

११ ऑक्टोबर

आजचा निरोप ऐका. "इथे रोज लाल थलथलीत जेली देतात. सिरिल शेपटी शिजवतो का अजून?"

डेझलीला विचारलं, "हसत म्हणाला का?"

"नाही. हळू म्हणाला. सगळंच हळू बोलतो आता."

म्हणजे टोमणाच. मी इथे जेवणं झोडतोय आणि काम करत नाही, असं त्याला वाटतंय. हिने मांस खाल्ल्याचं त्याला सांगितलंच असणार.

"तूच ये ना एकदा, सिरिल," ती म्हणाली. प्रोफेसर नाही म्हणाली.

मी कातड्याचा एक कोपरा कापून तिला दाखवला. कडेने तपकिरी, मधोमध कच्च्या कातड्याची खडूसारखी बारीक पांढरी रेघ. "ती रेघ दिसते? ती जाईपर्यंत मी कुठेही हलणार नाही."

"तुझी ती रेघ," ती म्हणाली आणि गाडीचं दार इतकं जोरात आपटलं की अंगणातले सगळे कांगारू उठून बसले.

१७ ऑक्टोबर

इतका संताप झालाय की अक्षर नीट येत नाही.

एक थोराड नर आहे, उजवा कान फाटलेला, छाती घोड्यासारखी. काही दिवस तो टाकीच्या नळाखाली थेंब चाटायला येतोय. मी दुर्लक्ष केलं. तहान कोणाला चुकलीय? आज उजाडताच धडाम् असा आवाज आला. बाहेर गेलो तर घमेलं फुटून दोन तुकडे, सालीचं पाणी मातीत जिरलेलं, कातडं धुळीत, आणि हा महाराज त्याच्यावर पाय देऊन नळ चाटतोय.

मी झाडू उचलला. तो उभा राहिला. माझ्यापेक्षा वीतभर उंच. पळाला नाही. पुढचे हात छातीशी धरून बघत राहिला. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. शाळेत नसायची का एखादी भव्य कविता, वीर समोरासमोर ठाकलेले, झेंडे वगैरे? तसं काही मला सुचेना. एका पायात चप्पल नव्हती. मी म्हणालो, "तुझ्याच जातभाईचं कातडं आहे ते, पाय तरी काढ." त्याने कान हलवला. मी झाडू खाली ठेवला तेव्हा कुठे तो सावकाश वळला, शेपटी टेकत टेकत गेला. जाताना कातड्याला नखाचा एक ओरखडा देऊन गेला, बरोबर पाठीच्या मध्यावर.

आत येऊन चहा करायला गेलो तर साखरेऐवजी मीठ घातलं.

कातडं धुतलं. उरलेली सगळी साल उकळली. दुसरं घमेलं नाही. शेडमधला जुना पिंप काढलाय. उद्या डेझलीला नवं घमेलं आणायला सांगतो, एका दिवसाचा प्रश्न आहे. मुख्य म्हणजे नळाखाली त्या फाटक्या कानवाल्यासाठी पसरट परात ठेवलीय, म्हणजे पुन्हा धिंगाणा नको. परातीत बोअरचं पाणी. त्याला चालतं.

२६ ऑक्टोबर

गेले आठ-नऊ दिवस कसे गेले कळलं नाही. पेटीत शाळेचं जुनं वाचनाचं पुस्तक सापडलं. समासात क्लॅरीने काढलेली बाईंची चित्रं. प्रत्येक कवितेला नाकाचा वेगळा आकार. त्याला एक ओळ पाठ होत नसे. वर्गात उभं केलं की मी खालून कुजबुजायचो आणि तो माझ्यामागून म्हणायचा. बाईंना ठाऊक असणार. वाचत बसलो, दिवसच्या दिवस.

आज दुपारी पिंपाची आठवण झाली. घमेलं आणायला सांगायचं तर राहूनच गेलं होतं.

झाकण काढलं. पाणी काळं. हात घालून कातडं वर काढलं. तेही काळं. मधला रंग नाही, डाग नाही, सगळं शाळेच्या दौतीतल्या शाईसारखं काळंकुट्ट. माझे हात कोपरापर्यंत काळे.

लोखंड. पिंप लोखंडाचा होता. बाभळीच्या सालीच्या पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही. हे बाबांनी मला वाचायला येण्याआधी शिकवलं होतं. तळावर एकदा कोणी सालीच्या पाण्यात गंजका खिळा टाकला म्हणून बाबांनी त्या माणसाला हाकलून दिलं होतं. आणि मी अख्खं कातडं पिंपात घातलं. झोपेत नाही, शुद्धीत.

कोपरा कापून पाहिला. पांढरी रेघ गेलीय. कातडं पुरतं झालंय, मऊ आहे, ओढून पाहिलं तर तसूभर सैल होत नाही. पण काळं. क्लॅरीचा आसूड मधासारखा होता. उन्हात धरला की चमकायचा. हे त्याला काय तोंडाने दाखवू?

२८ ऑक्टोबर

डेझलीने काळे हात पाहून तोंड वासलं. मग कातडं पाहिलं.

"छान दिसतंय की," ती म्हणाली.

"हे छान? हे प्रेतयात्रेला शोभेल."

तिने कातडं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "त्याने निरोप दिलाय. म्हणाला, सिरिलला सांग, इथे दुपारी झोप लागत नाही, येऊन ती बर्फाची कविता म्हणून दाखव."

झालं. आता कवितेवरही आला. सत्तर वर्षं मला चिडवत आला, अंथरुणात पडूनही सोडत नाही. मी चिडून म्हणालो, त्याला सांग, तुला स्वतःला दोन ओळी येतात का ते आधी बघ.

"सांगू? खरंच हे सांगू?"

"सांग."

३१ ऑक्टोबर

इस्पितळातून परिचारिकेचा फोन. मिस्टर डूली तुमची वाट बघतायत, म्हणाली. मी सगळं समजावून सांगितलं: पिंप, लोखंड, काळा रंग. आता नवं कातडं मिळवायला हवं, साल मागवायला हवी. त्यांना सांगा, साधारण सात आठवडे, फार तर आठ.

"आठ आठवडे?" ती म्हणाली.

"घाई केली की मध्ये कच्चं राहतं."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. इथल्या फोनच्या तारा नेहमीच अशा. मग म्हणाली, बरं, मी त्यांना सांगते.

जबाबदारीने बोललो याचं समाधान वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

साल मिळत नाही. तीन ठिकाणी फोन केले. एकाने विचारलं, कसली साल? डेझलीकडे आणखी एक कातडं मागितलं तर म्हणाली, "माझे टॅग रोज नाही फाटत." काय बोलते कळत नाही.

नुसतं बसवेना म्हणून काळ्या कातड्यातून वादी कापायला घेतली. केवळ हात चालू राहावा म्हणून. बाहेरच्या कडेपासून गोल गोल आत, अखंड. नखाच्या ओरखड्याला वळसा घालताना श्वास रोखून धरला. तुटली नाही. एका कातड्यातून एकच वादी, सगळ्या अंगणाला वेढा घालील एवढी. आठ भाग केले, कडा तासल्या, साबण आणि चरबी चोळली. मूठभर वेणी घातली. अशी घट्ट बसली की दोन पदरांमध्ये नख जात नाही.

चांगली वेणी आहे. रंगाचं काय करायचं?

५ नोव्हेंबर, मंगळवार

झालं ते आहे तसं लिहितो.

सकाळी नऊच्या सुमारास मी ओसरीवर वेणी घालत बसलो होतो. अर्ध्याच्या पुढे गेलो होतो. फाटक्या कानवाला परातीपाशी होता. त्याने मान वर केली, मग मीही. डेझलीची गाडी. आज तिचा मोठ्या गावी जायचा दिवस, आणि ती तिकडूनच येत होती. इतकी हळू की मागे धूळसुद्धा उठत नव्हती. ती कधी अशी चालवत नाही.

वाटलं, झालं. सांगायला आलीय. मी उठून आत गेलो. का गेलो माहीत नाही. आसूड टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. गाडीचं दार वाजलं. मग दुसरं दार. दुसरं कशाला? मग पावलं, दोन जोड्या. एक बुटांची. एक सपाता घासत येणारी, पायरीपायरीला थांबणारी. मध्येच डेझलीचा आवाज: "सावकाश. मी धरलंय. कमाल हट्टी आहात रे दोघं."

दार ढकललं गेलं. चौकटीला धरून क्लॅरी उभा होता. इस्पितळाचा अंगरखा, वरून डेझलीचा शिकारीचा कोट, पायात कागदी सपाता. कोटाच्या आत तो किती उरला होता ते पहिल्यांदा मी नीट पाहिलं. नजर वळवायला कुंडी नव्हती.

मला एकच सुचलं. मी टेबलावरचं वर्तमानपत्र ओढून आसुडावर टाकलं.

"झाला नाही अजून," मी म्हणालो. "रंग बिघडलाय. मला थोडा वेळ—"

"सिरिल," तो धाप आवरत म्हणाला, "खड्ड्यात गेला तो आसूड. मला बसायला दे."